पाऊस शंभर टक्के, मग पऱ्हाटी का वाळली?

सप्टेंबर संपत आला की आमच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो. पेपरात आलेलं असतं की जिल्ह्यात यंदा सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाला. आणि शेजारचे काका पेपर घडी करून विचारतात, "पानी तं शंभर टक्के झालं म्हनतेत. मंग माही पऱ्हाटी काहून वायली?"

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशी. काकांच्या आवाजात संशय असतो, कोणीतरी लबाडी करतंय असा. मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो आणि गावातल्या पोरांना गणित शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. इतकी वर्षं पावसाचे आकडे चाळल्यावर माझं मत असं झालं आहे की बहुतेक वेळा खोटं कोणीच बोलत नसतं. पेपरातला आकडा खरा आणि काकांचं वाळलेलं शेतही खरं. फक्त तो आकडा काकांच्या शेताबद्दल बोलतच नसतो. तो कशाबद्दल बोलतो आणि आपल्या शेताबद्दल बोलणारा आकडा कुठे मिळतो, ते इथे सांगतो. हे सगळे आकडे सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच पैशातून गोळा झालेले आहेत, आणि त्यातले बरेचसे मोबाइलवर फुकट बघता येतात.

आधी मिलिमीटर समजून घेऊ. पावसाचं पाणी जिथं पडलं तिथंच साचून राहिलं, वाहिलं नाही, मुरलं नाही, तर त्याची जी उंची होईल तो पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर धरलं तर साधारण चार हजार लिटर. पासष्ट मिलिमीटर पडला म्हणजे एकरावर अडीच लाख लिटरच्या वर पाणी ओतलं गेलं. हा हिशोब मी पोरांना फळ्यावर करून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

मोजायला यंत्र लागत नाही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा कोणताही डबा चालतो. तोंड लहान असो की मोठं, आत साचलेल्या पाण्याची उंची तेवढीच येते. खाली निमुळता होत गेलेला डबा मात्र चालत नाही. डबा झाडाखाली किंवा गोठ्याच्या वळचणीला ठेवू नका. जवळचं झाड जितकं उंच, त्याच्या दुपटीने तरी दूर ठेवा. आणि सकाळी साडेआठलाच मोजा. भारतीय हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतं. सोमवारी रात्री झोडपलेला पाऊस मंगळवारच्या तारखेला दिसतो तो त्यामुळे. ही गोष्ट माहीत नसल्याने पुष्कळ लोक म्हणतात की आमच्याकडे पाऊस झाला त्या दिवशी सरकारने शून्य दाखवला. एक दिवस पुढे बघा, बहुधा तिथे सापडेल.

अकरा किलोमीटरचा फरक

आपल्या राज्यात कृषी विभागाचं 'महारेन' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर जिल्हा, तालुका आणि महसूल मंडळ निवडलं की रोजचा पाऊस दिसतो. मंडळांमधली मोजणी आता बहुतेक ठिकाणी 'महावेध' प्रकल्पातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर होते. राज्यात दोन हजारांहून अधिक मंडळांत ती उभी आहेत. जिल्ह्याच्या बातमीपेक्षा हा आकडा शेताच्या कितीतरी जवळचा. तरीही एका मंडळात पुष्कळ गावं येतात आणि केंद्र एकच असतं.

हे मला एका ऑगस्टमध्ये फार महागात शिकायला मिळालं. रात्रभर धो धो पाऊस. सकाळी माझ्या डब्यात ८२ मिलिमीटर. नाल्याकाठचं दीड एकर सोयाबीन खरडून गेलं, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, माती थेट खालच्या वावरात. मंडळाचं केंद्र माझ्या शेतापासून अकरा किलोमीटरवर. तिथे त्या रात्री नोंद झाली ५१ मिलिमीटर. अतिवृष्टी ठरवायला मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. आम्ही रेषेच्या खाली राहिलो.

तेव्हा मीही चिडलो होतो. आज शांतपणे सांगतो, तिथे खरंच ५१ पडला असणार. आपल्याकडे म्हणतातच की पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं राहतं. गरज आहे ती मापकं वाढवण्याची, आणि तोवर आपली नोंद आपण ठेवण्याची. डब्यातला आकडा सरकारी पुरावा होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर मी तारीखवार वही, रोज सकाळचा डब्याचा फोटो आणि शेजारच्या दोन गावांतल्या नोंदी घेऊन ग्रामसभेत उभा राहिलो, तेव्हा बोलणं "आमच्याकडे लई पाऊस झाला" इथून पुढे गेलं. आमच्या बाजूच्या गावांसाठी वेगळा मापक हवा, असा ठराव झाला. मापक अजून आलेला नाही. ठराव दर वर्षी पुन्हा पाठवतो.

यंत्रही चुकतं, हे लक्षात असू द्या. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दिसलं आणि देशभर बातमी झाली. संवेदकातल्या बिघाडामुळे तो आकडा आला, असं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. शेजारच्या केंद्रांवर त्याच दिवशी काय होतं ते बघितलं असतं तर शंका तेव्हाच आली असती. एकट्या केंद्राचा थक्क करणारा आकडा दिसला की आधी शेजारपाजार बघायचा, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

सरासरीच्या आड काय लपतं

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. एक उदाहरण घ्या. दोन वर्षं धरा, दोन्हींच्या जुलैत ३०० मिलिमीटर पाऊस. पहिल्या वर्षी वीस दिवस रोज पंधरा-पंधरा. दुसऱ्या वर्षी चारच दिवस, पंच्याहत्तर-पंच्याहत्तर, आणि बाकीचे सत्तावीस दिवस उघाड. महिन्याचा आकडा दोन्हीकडे शंभर टक्के. पहिल्या वर्षी तण काढायला डवरे चालले, खत लागू पडलं, विहिरीला पाणी आलं. दुसऱ्या वर्षी पाणी नाल्याने पळालं, आणि दोन पावसांच्या मधे बरड रानातल्या पिकाने माना टाकल्या. भारी काळी माती थोडी जास्त तग धरते, पण ऐन पाते-फुलांच्या, म्हणजे कळ्या-फुलांच्या, वेळी पावसात खंड पडला की तीही पातेगळ थांबवू शकत नाही.

म्हणून एकूण पाऊस विचारायचा सोडून तीन गोष्टी विचारा. पावसाचे दिवस किती झाले? हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस' मोजतं. सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा होता? आणि एकूण पावसातला किती वाटा पहिल्या चार-पाच मोठ्या दिवसांत पडून गेला? हे तिन्ही आकडे बातमीत येत नाहीत, पण रोजची यादी हाताशी असली तर कोणीही अर्ध्या तासात काढू शकतं. दहावीतली पोरं काढतात.

शिवाय 'सरासरीइतका' या शब्दाची खोली मोठी आहे. हवामान खात्याच्या भाषेत सरासरीपेक्षा १९ टक्के कमी आणि १९ टक्के जास्त, इथपर्यंत सगळं 'सामान्य'च. आणि सरासरी तरी कोणाची? विदर्भ हा देशातल्या ३६ हवामान उपविभागांपैकी एक. पूर्वेला गडचिरोलीत पावसाळ्यात बाराशेच्या पुढे पाणी पडतं, पश्चिमेला बुलढाण्यात सातशेच्या आत-बाहेर. धानाचा पट्टा आणि कापसाचा पट्टा एका टोपलीत घालून जो आकडा निघतो, तो दोघांच्याही घरचा नसतो.

पाऊस असा विस्कटत चालला आहे हे केवळ म्हाताऱ्या माणसांचं 'पहिल्यासारखं राहिलं नाही' नव्हे. पुण्यातल्या हवामान खात्याच्या कार्यालयाने देशभराच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र करून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकटींमध्ये मांडून ठेवला आहे. भारताच्या नकाशावर पाव अंशाची जाळी टाकली, म्हणजे आपल्याकडे साधारण २६ ते २८ किलोमीटर बाजूची एकेक चौकट, आणि प्रत्येक चौकटीला रोजचा एक आकडा दिला. यासाठी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. कुठल्या तरी तालुक्याच्या कचेरीत कारकुनाने सकाळी छत्री घेऊन बाहेर जाऊन वाचलेले आकडे आहेत हे, शंभर वर्षांपूर्वीचे. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

अशाच चौकटींच्या नोंदींवर बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी काम केलं. त्यांचा लेख २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात, ज्यात आपणही येतो, एका दिवसात शंभर मिलिमीटर किंवा जास्त पडण्याचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे कमी झाले. एकूण सरासरी मात्र फारशी हलली नाही, कारण एकीकडची घट दुसरीकडच्या वाढीने भरून निघाली. म्हणजे माझ्या त्या दोन जुलैंची गोष्ट, पन्नास वर्षांच्या नोंदींतून निघालेली. पुढे २०१७ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारणही त्यांनी शोधलं: अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट अधिक बेभरवशाचे झाले आहेत आणि मधेच उसळी घेतात.

आपल्या गावाची यादी कशी काढायची

पुण्याच्या चौकटींची माहिती हवामान खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, पण ती फाइल उघडायला थोडं संगणकाचं ज्ञान लागतं. गावात कोणी अभियांत्रिकी शिकणारी पोरगी असेल तर तिला गाठा. आमच्याकडे तसंच झालं, तिने दोन संध्याकाळी लावून ते काम केलं. त्याहून सोपी वाट म्हणजे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेचं 'नासा पॉवर' हे संकेतस्थळ. नकाशावर आपल्या गावावर बोट ठेवायचं, १९८१ पासून रोजचं तापमान आणि पाऊस यांची यादी निवडायची, आणि ती एक्सेलमध्ये उघडते.

पण या सोप्या वाटेवर तीन खड्डे आहेत, आणि तिन्हींत मी पडलो आहे.

पहिला खड्डा चौकटीचा. नासा पॉवरच्या हवामानाची चौकट आपल्याकडे पन्नास-साठ किलोमीटरची पडते. तुमच्या गावाचा आणि तालुक्याच्या गावाचा आकडा हुबेहूब सारखा आला तर चकित होऊ नका, दोन्ही एकाच चौकटीत आहेत. शिवाय हा पाऊस कोणी डब्यात मोजलेला नाही. उपग्रह आणि संगणकी प्रतिमानं यांच्यातून काढलेला तो अंदाज आहे. चाळीस वर्षांचा कल बघायला तो कामाचा. गेल्या मंगळवारी माझ्या शेतात किती पडला, हे त्याला विचारू नका.

दुसरा खड्डा फसवा आहे. यादीत मधेच 'उणे ९९९' असा आकडा दिसतो. त्याचा अर्थ नोंद नाही, एवढाच. मी पहिल्यांदा सगळा स्तंभ निवडून सरासरी काढली तेव्हा आमच्या गावात उणे पाऊस पडल्याचं निघालं. असे आकडे आधी काढून टाकायचे. त्यांच्या जागी शून्य लिहायचं नाही, कारण शून्य म्हणजे कोणीतरी पाहिलं आणि पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे कोणी पाहिलंच नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरा खड्डा सुरुवातीच्या वर्षाचा. दुष्काळी १९७२ पासून रेघ ओढायला लागलात तर पाऊस वाढताना दिसेल. एखाद्या ओल्या वर्षापासून सुरुवात केलीत तर घटताना. म्हणून निदान तीस वर्षं तरी घ्यायची, आणि सुरुवातीचं वर्ष दोन-तीनदा बदलून बघायचं. दर वेळी रेघ तिकडेच झुकत असेल तर काही म्हणण्यासारखं आहे. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं म्हणणं किंवा बदललं नाही म्हणणं, दोन्ही घाईचं.

आकाशातून दिसणारं हिरवं

उपग्रहाची चित्रं हे मला सगळ्यात आवडणारं साधन, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याबद्दलच. युरोपच्या 'सेंटिनल-२' उपग्रहांची चित्रं त्यांच्याच 'कोपर्निकस' या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र, आणि चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा बाय दहा मीटरचा तुकडा. एका एकरात असे चाळीस ठिपके बसतात. त्यामुळे स्वतःचं वावर वेगळं ओळखता येतं. अमेरिकेच्या 'लँडसॅट'ची चित्रं तर १९७२ पासूनची आहेत, २००८ मध्ये ती सगळ्यांना मोफत झाली. आपल्या इस्रोचं 'भुवन'ही आहे, जमिनीच्या वापराचे आणि पडीक जमिनीचे नकाशे तिथे बघण्यासारखे.

या चित्रांमधून पिकाची तब्येत कशी कळते? निरोगी हिरवं पान सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. पान सुकलं की हे उलटतं. उपग्रह दोन्ही मोजतो. अवरक्तमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. येणारा आकडा उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये असतो. उघड्या जमिनीचा शून्याच्या थोडा वर, भरगच्च पिकाचा ०.७-०.८ पर्यंत. याला वनस्पती निर्देशांक म्हणतात, आणि हा फक्त शास्त्रज्ञांचा खेळ नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाची तूट आणि खंड यांच्या जोडीला हा निर्देशांक, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र, धरणं आणि भूजल हे सगळं धरलेलं आहे. तुमच्या तालुक्यात दुष्काळ जाहीर होतो की नाही, हे या हिरव्या आकड्यावरही ठरतं.

म्हणून त्याची मर्यादाही आपल्याला माहीत हवी. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला तेव्हा पऱ्हाटी कमरेइतकी, हिरवीगार उभी होती. बोंड फोडलं की आत किडका कापूस. उपग्रहाला पान दिसतं, बोंडाच्या आतलं दिसत नाही. तण माजलेलं वावरही त्याला हिरवंच. आणि ज्या जुलै-ऑगस्टमध्ये चित्राची खरी गरज, तेव्हा ढग आडवे येतात. ढगांतून पार बघणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांचं चित्र वाचणं वेगळंच शास्त्र आहे. म्हणून निर्देशांक उतरलेला दाखवला तर त्याबरोबर वावरातला तारीखवार फोटो हवा, आणि निर्देशांक चांगला असूनही पीक गेलं असेल तर तो फोटो दुपटीने हवा.

विहिरीचं थोडक्यात सांगतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ती पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधला जातो. आपल्या विहिरीत त्याच चार महिन्यांत दोरीला दगड बांधून काठापासून पाणी किती खोल ते मोजून लिहा. मोजण्याआधी रात्रभर मोटर बंद ठेवा. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात पातळी बघून भागत नाही, तिथे पाण्याचा खारेपणाही तपासून लिहावा लागेल.

जंगलाच्या आकड्याबद्दल एकच सावधगिरी. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी देशाचा वन अहवाल काढतं, त्यातलं 'वनाच्छादन' म्हणजे दहा टक्के किंवा जास्त भाग झाडांच्या छत्राखाली असलेली एक हेक्टरहून मोठी कोणतीही जमीन. तिथे झाड कोणतं आणि मालकी कोणाची, हे बघितलं जात नाही, त्यामुळे फळबागाही त्यात येऊ शकतात. वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग आणि मेळघाटातला साग उपग्रहाच्या त्या एका शब्दात शेजारी बसतात. आकडा वाढला म्हणून जंगल वाढलं असं लगेच धरू नका.

आता आमच्या शिवारात सात डबे आहेत, सात धुऱ्यांवर. मागच्या पावसाळ्यात एका रात्री त्यातल्या एकात २२ मिलिमीटर निघाला आणि दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्यात ५८. सातवा डबा काकांचा. मी दिलेल्या वहीत ते नेमाने लिहितात, पण सुरुवातीला कोरड्या दिवशी वही उघडायचेच नाहीत. "पानीच नाई तं लिहू काय?" मी म्हटलं, काका, तेच लिहा. शून्य लिहा.

परवा ती वही चाळत बसलो होतो. त्यांच्या वावरात हंगामाचा एकूण पाऊस आमच्या मंडळाच्या आकड्याच्या अगदी जवळ निघाला. पण ऑगस्टच्या पानावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात, एकाखाली एक, एकोणीस शून्यं आहेत.